दिव्याची कळ

मराठी भाषेतील ‘कळ’ हा शब्द मोठा बहुरूपी आहे. शरीरातून उठणाऱ्या वेदनेला आपण कळ म्हणतो. भांडण उकरून काढणारा कळ काढतो. उतावळ्याला वडीलधारी माणसे ‘जरा कळ सोस’ म्हणून समजावतात. आणि यंत्र ज्या खटक्याने चालते किंवा थांबते त्यालाही आपण कळच म्हणतो. एकाच शब्दाच्या पोटात इतके परस्परांपासून दूर असलेले अर्थ कसे नांदतात, याचे मला पूर्वी नवल वाटे. गेल्या आषाढात मात्र आमच्या घरातील एका दिव्याच्या कळेने हे सारे अर्थ एकाच रात्रीत मला उलगडून दाखविले, आणि तेव्हापासून ते नवल ओसरले आहे.

आमचे घर इंदुरात रामबागेत आहे. इंदूरच्या मराठी माणसाला रामबागेची ओळख करून द्यावी लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी इतकेच सांगतो की होळकरशाहीपासून ह्या शहरात नांदलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची घरे ह्या आणि आसपासच्या वस्त्यांत आहेत. आमचे आजोबा तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत गोव्याहून कारकुनीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. माझी पिढी मराठीत वाढली, मुलांच्या बोलण्यात हिंदी मिसळली. कोंकणी उरली ती फक्त आईच्या तोंडी. ती माहेरची फोंडा महालातली, मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाच्या सावलीत वाढलेली. आज तिचे वय एक्याण्णव आहे. डोळ्यांत मोतीबिंदूची छाया आहे, पण कान तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. तिच्या खोलीतून न्हाणीघराकडे जाताना एक अरुंद बोळ लागतो आणि बोळाच्या शेवटी दोन पायऱ्या उतराव्या लागतात. जुन्या घरांना अशा पायऱ्या असायच्याच. वाचकांनी ह्या दोन पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढची सारी कथा त्यांच्यावरच घडली आहे.

दोन दिवाळ्यांपूर्वी पुण्याचा आमचा मुलगा घरी आला तो सहा लहानशा डब्या घेऊन. आगपेटीहून थोड्या मोठ्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या, प्रत्येकी पाचशे रुपयांच्या आतल्या. त्यांना ‘स्मार्ट स्विच’ म्हणतात. वायरमनने त्या भिंतीवरील स्विचबोर्डांच्या मागे बसविल्या. दिव्याकडे जाणारी वीज आता ह्या डबीतून जाई आणि डबी घरातल्या वायफायवरून मोबाइलच्या हुकमाने दिवा लावी वा मालवी. बोळातल्या दिव्याला मुलाने नियम घालून दिला होता: सूर्यास्ताला लागावे, सूर्योदयाला विझावे. आईला रात्री उठल्यावर भिंत चाचपावी लागू नये, हा त्याचा हेतू. हेतू चांगला होता, यात शंका नाही. सुमारे दीड वर्ष ती व्यवस्था बिनबोभाट चालली आणि आम्ही सारे तिच्यावर इतके विसंबलो की बोळात पूर्वी काळोख असे हेही विसरून गेलो.

आषाढातील त्या रात्री बाहेर पाऊस कोसळत होता. दोनच्या सुमारास धप्प असा आवाज झाला आणि मागोमाग आईची हाक. मी धावलो. बोळात मिट्ट काळोख. भिंतीवरची जुनी कळ मी खाली-वर केली, दिवा लागेना. मोबाइल आणून त्याच्या उजेडात पाहिले तो आई खालच्या पायरीवर बसलेली, एक हात कमरेवर, दुसरा भिंतीला. “पुता, दिवो पेटलोच ना रे,” ती म्हणाली. त्या स्वरात तक्रार नव्हती. जणू आपलेच काही चुकले असावे, असा तो स्वर होता. तोच मला अधिक लागला. देवाची कृपा म्हणून हाड मोडले नाही. मुक्या मारावर भागले, परंतु तीन आठवडे ती अंथरुणाला खिळली. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचा पायावरचा विश्वास उडाला. जी बाई नव्वदीतही एकटी अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालीत असे, ती आता खोलीच्या उंबऱ्याशी थबकू लागली.

दिवा का लागला नाही, याचा शोध दुसऱ्या दिवशी लागला. बल्ब शाबूत होता, वीज होती, वायफायही होते. ज्या कंपनीचे ते स्विच होते तिने आपली जुनी मोबाइल-व्यवस्था बंद करून नवी सुरू केली होती आणि जुन्या डब्यांना नव्या व्यवस्थेत जागा नव्हती. तशी सूचना मुलाच्या एका जुन्या ईमेल पत्त्यावर येऊन पडली होती. ती कोणी पाहिली नव्हती. सूर्यास्ताचा तो नियम आमच्या घरात नव्हताच. तो कुठल्या तरी दूरच्या शहरातील संगणकावर होता. तेथून दररोज सायंकाळी हुकूम सुटे आणि समुद्र ओलांडून रामबागेतल्या बोळात दिवा लागे. हुकूम देणारा उठून गेला आणि दिवा तसाच राहिला. भिंतीवरील कळही निरुपयोगी ठरली, कारण वीज जाऊन पुन्हा आली की हुकूम मिळेपर्यंत विझलेलेच राहायचे, असे त्या डबीला शिकविलेले होते.

मी सदतीस वर्षे बँकेत काढली. बँकेतील मुख्य तिजोरी कधी एका चावीने उघडत नाही. दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांपाशी असतात आणि कोणती चावी कोणाच्या हाती, कोणत्या तारखेला, कोणाकडून कोणाकडे गेली, याची सहीनिशी नोंद होते. ती नोंद माझ्या हाताने मी हजारो वेळा केली असेल. आणि माझ्याच घरातल्या दिव्याची एक चावी दीड वर्ष एका अनोळखी माणसाकडे होती, तिची नोंद कुठेच नव्हती, मला तिचा पत्ताही नव्हता! आईला मी झाला प्रकार समजावून सांगितला तेव्हा तिने अंथरुणातूनच विचारले, “घर आमचें, दिवो आमचो, आनी चावी कोणाच्या हातांत?” बँकेतल्या कोणत्याही तपासनिसाने मला इतका नेमका प्रश्न कधी विचारला नव्हता.

हे आमच्या एकट्याच्याच वाट्याला आले असेही नाही. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे एक यंत्र घरातील दिवे आणि कुलुपे चालविण्यासाठी सुमारे तीनशे डॉलरला विकले जात होते. ती कंपनी २०१४ मध्ये ‘नेस्ट’ने विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी तिचे सर्व्हर बंद केले, लोकांच्या घरची ती महागडी यंत्रे त्या दिवसापासून निर्जीव झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर तर कोणतीही पूर्वसूचना न देता थांबले, पुढे जूनमध्ये तिच्या काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन व्यवस्था पुन्हा उभी केली. सर्वांनाच कंपनी विकत घेणे शक्य नसते. आमच्यासारख्यांनी काय करावे?

त्याचे उत्तर आमच्या नातवाने दिले. हा मुलीचा मुलगा. इथेच इंदुरात अभियांत्रिकी शिकतो. पणजीवर त्याचा फार जीव. सारी हकीकत ऐकून तो म्हणाला, “आजोबा, डबी टाकून देऊ नका. तिला काही झालेले नाही. तिच्या आतले फक्त बदलायचे.” मला काही उमगेना. तेव्हा त्याने एक डबी उघडून माझ्यापुढे ठेवली. आत हिरवट सर्किट, एका बाजूला रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्याने ‘टक्’ करून वाट उघडणारा किंवा मिटणारा ठोकळा, आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढी एक चिप. शांघायच्या ‘एस्प्रेसिफ’ कंपनीने २०१४ मध्ये ही ‘ईएसपी८२६६’ नावाची चिप बाजारात आणली आणि ती इतकी स्वस्त निघाली की जगभरच्या शेकडो कारखान्यांनी आपापल्या डब्यांत तीच बसविली. डबीवरचे नाव निराळे, खोके निराळे, आतला जीव पुष्कळदा एकच. ह्या चिपेला काय करायचे हे सांगणारी आज्ञावली तिच्या शेजारच्या छोट्या स्मृतिकोशात लिहिलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती पुसून तिथे दुसरी लिहिता येते. वस्तू तीच, काम तेच, धनी मात्र बदलतो.

हे ऐकताना मला लहानपणीचा कल्हईवाला आठवला. वर्षातून दोनदा तरी तो गल्लीत येई, जमिनीत लहानसा खड्डा करून भाता लावी, आणि आई, काकू, शेजारणी आपापली पितळेची भांडी घेऊन त्याच्याभोवती जमत. भांडे निखाऱ्यावर तापले की तो नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उठे, आणि कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने असा काही हात फिरवी की काळवंडलेल्या भांड्याच्या पोटात चांदणे पसरल्यासारखे वाटे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. म्हणून कोणी भांडे फेकून देत नसे. भांडे चांगलेच असे. खराब झालेला असे तो फक्त आतला पातळ थर. नातू जे सांगत होता ती ह्या डब्यांची कल्हईच होती.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही हे काम हाती घेतले. जेल रोडवरच्या दुकानातून नातवाने संगणक आणि चिप यांची गाठ घालून देणारा एक लहानसा जोड दोनशे रुपयांच्या आत आणला. वायरमनला बोलावून, एमसीबी खाली पाडून, टेस्टरने खात्री करून सहाही डब्या भिंतीतून काढून घेतल्या. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो, कारण हे वाचून कोणा उत्साही वाचकाचा हात शिवशिवेल. उघडी डबी घरच्या २३० व्होल्टच्या विजेला जोडलेली असताना तिला कधीही हात लावू नये, आणि संगणकाची तार तर तिला मुळीच जोडू नये. काही डब्यांत कमी दाबाचा भागसुद्धा मुख्य विजेपासून पूर्ण अलग केलेला नसतो. एका क्षणात संगणक जाईल आणि त्यासोबत माणूसही. चिपेला लागते ती अवघी ३.३ व्होल्टची वीज, आणि ती त्या जोडातूनच मिळते. तो जोडही आधी ३.३ वर आहे की नाही ते पाहावे. पाच व्होल्ट दिल्यास चिप जळण्याची भीती.

चार तारा जोडायच्या: एक विजेची, एक भूमीची, एक बोलण्याची आणि एक ऐकण्याची. त्यांतील शेवटच्या दोन उलटसुलट लावायच्या, कारण संगणकाने बोललेले चिपेने ऐकायचे आणि चिपेने बोललेले संगणकाने. मग चिपेचा एक ठरावीक पाय भूमीला टेकवून वीज द्यायची, म्हणजे ती नेहमीच्या कामाला न लागता नव्या लिखाणाची वाट पाहत बसते. नातवाने आधी जुन्या आज्ञावलीची प्रत काढून संगणकात जपून ठेवली. “आजोबा, पुसण्यापूर्वी नक्कल ठेवायची,” तो म्हणाला. बँकेच्या जुन्या माणसाला हे वाक्य किती गोड वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. नंतर जुने पुसून नवे लिहिले. एक मेगाबाइटचा तो इवलासा कोश. लिहिण्यास फार तर दोन मिनिटे लागली. कल्हईवाल्याला एका पातेल्याला याहून अधिक वेळ लागत असे.

सहापैकी पाच डब्या अशा पालटल्या. सहावीत निराळी चिप निघाली, ‘बेकन’ कारखान्याची. तिला हे फर्मवेअर चालत नाही. तिच्यासाठी ‘ओपनबेकन’ नावाची दुसरी आज्ञावली आहे, ती पुढे सवडीने घालू, असे म्हणून नातवाने ती बाजूला ठेवली. एकसारख्या दिसणाऱ्या सहा खोक्यांतही एखादे निराळ्या पोटाचे निघते. म्हणून उघडून पाहिल्यावाचून काही गृहीत धरू नये.

आम्ही वापरलेल्या आज्ञावलीचे नाव ‘टॅस्मोटा’. नेदरलँड्समधील थिओ ॲरेन्ड्स यांनी २०१६ मध्ये, ‘सोनऑफ’ नावाच्या अशाच एका स्वस्त स्विचसाठी ती लिहावयास घेतली. पुढे जगभरच्या अनेकांनी तिच्यात भर घातली. ती मुक्त परवान्याखाली आहे: कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, अट एवढीच, की बदलून दिलीत तर आपले बदलही तितकेच उघडे ठेवावेत. एका परक्या देशातील गृहस्थाने मोबदल्याची अपेक्षा न धरता लिहिलेले चार शब्द रामबागेतल्या एका म्हातारीच्या पायापुढे उजेड पाडतात, या गोष्टीने मी काही वेळ स्तब्धच झालो. इंदूरकराला अशा वेळी आपल्या मातुःश्रींची आठवण न होईल तरच नवल. अहिल्यादेवींनी १७६७ ते १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार पाहिला. परंतु काशी विश्वेश्वराचे देऊळ त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले ते आपल्या सरहद्दीच्या किती तरी बाहेर. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या ज्यांची तोंडे त्या कधी पाहणार नव्हत्या अशा यात्रेकरूंसाठी. विहिरीवर पाणी पिणाऱ्याला नाव-गाव विचारायचे नाही, हीच त्या दानाची रीत. ह्या आज्ञावलींचीही रीत तीच आहे.

डब्या भिंतीत परत बसल्या. आता दिव्याचा नियम डबीतच लिहिलेला होता. घरच्या वायफायवर असलेल्या कोणत्याही मोबाइलवरून तिचे पान उघडावे, तिथल्या सोळा वेळांपैकी हवी ती लावावी. कोणत्याही कंपनीचे खाते नको, कोणाची परवानगी नको. घड्याळाच्या वेळेऐवजी ‘सूर्यास्त’ असेही लिहिता येते. रोजचा सूर्यास्त ती डबी स्वतः गणित करून काढते, जणू तिच्या पोटात एक छोटे पंचांगच आहे.

त्या पंचांगाने आमची एकदा चांगलीच फजिती केली. कार्तिक लागला, तेव्हा अंगणातल्या तुळशीजवळच्या दिव्यालाही नातवाने असाच सूर्यास्ताचा नियम लावला. इंदुरात त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सहा वाजले, साडेसहा वाजले, दिवा थंड. सौ. म्हणाली, “कल्हई उडाली वाटतं!” आम्ही हरप्रकारे शोधले, काही सापडेना. अखेर कंटाळून जेवणे आटोपली. आणि रात्री दहाच्या सुमारास, सारे निजण्याच्या तयारीत असताना, तुळशीजवळचा दिवा आपोआप झगझगीत लागला! नातू क्षणभर बुचकळ्यात पडला आणि मग पोट धरून हसू लागला. टॅस्मोटा ताजी लिहिली म्हणजे तिच्यात अक्षांश-रेखांश आधीपासून भरलेले असतात ते पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे, आणि घड्याळही मध्य युरोपचे. आमच्या तुळशीने त्या दिवशी पॅरिसची सांजवेळ पाळली होती. बोळातल्या डबीत त्याने हे आकडे आठवणीने बदलले होते. ह्या डबीत विसरला. मग तिथेही २२.७२ आणि ७५.८६ हे इंदूरचे आकडे घातले, घड्याळ भारतीय वेळेवर आणले, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवा मुकाट्याने माळव्याच्या सूर्याप्रमाणे वागू लागला. हसण्यावारी गेले, तरी ह्या प्रसंगाने एक गोष्ट मनात रुतून बसली: दान फुकट मिळाले तरी ते आपल्या गावचे करून घेण्याचे कष्ट आपल्यालाच करावे लागतात.

कल्हईच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर मी एकाच बाजूची वकिली केल्यासारखे होईल. कल्हईने भांड्याचे भोक बुजत नाही. हलक्या प्रतीचा रिले आज्ञावली बदलल्याने भक्कम होत नाही. डबीवर दहा अँपिअर असे छापलेले असले तरी दोन हजार वॅटच्या गिझरला ती लावू नये, हे आमच्या वायरमनचे मत मी शिरोधार्य मानतो. डबी उघडली की विकणाऱ्याची हमी संपते. डबीला स्वतःचे घड्याळ नसते. ती वेळ इंटरनेटवरून विचारून घेते, म्हणून वीज जाऊन आली आणि त्याच वेळी इंटरनेटही बंद असले तर तिला वेळच कळत नाही. आणि तिच्या पानाला सुरुवातीला परवलीचा शब्द नसतो, तो आपण घालावा लागतो. २०१६ च्या ऑक्टोबरात ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने घरोघरचे कॅमेरे व राउटर वेठीस धरून अमेरिकेतील ‘डिन’ ह्या कंपनीवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास कोलमडल्या. ती यंत्रे सापडली याचे मुख्य कारण, कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द कोणी बदलला नव्हता. चावी आपल्या हाती आली की दार लावण्याची जबाबदारीही आपलीच होते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा बदल नातवाने केला तो एका ओळीचा. वीज जाऊन आली की पूर्वी डबी दिवा विझलेला ठेवी. आता तिला सांगितले आहे की वीज येताच दिवा लावायचा. वेळ ठाऊक नसली, वायफाय नसले, कसलाही संशय असला, तर उजेड. याचा आणखी एक लाभ झाला. भिंतीवरची जुनी कळ एकदा बंद करून पुन्हा चालू केली की दिवा हटकून लागतो. पन्नास वर्षे आईच्या बोटांना ठाऊक असलेली ती काळी कळ पुन्हा तिच्या कामाची झाली. शंका येईल तेव्हा दिवा लागलेला असावा, हा नियम मला यंत्रापुरता वाटत नाही. पण तो विस्तार इथे नको.

हे सारे पार पडले तेव्हा आम्ही मोठ्या अभिमानाने आईला सांगितले की आता चावी घरातच आहे. तिने सारे ऐकून घेतले, नातवाच्या पाठीवरून हात फिरविला आणि मजकडे वळून म्हणाली, “आनी हो भुरगो उद्यां नोकरेक पयस गेलो जाल्यार?” हा मुलगा उद्या नोकरीसाठी दूर गेला तर? आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चावी परदेशातून आमच्या घरी आली होती, पण माझ्या हाती आली नव्हती. घरातल्या एकाच माणसाला उघडता येणारे कुलूप त्या माणसाच्या पाठीमागे सर्वांना बंदच असते. पुढल्या वर्षी त्याचे शिक्षण संपेल. बंगळूर म्हणा, पुणे म्हणा, कुठे तरी तो जाईलच. त्याने जावेही. परंतु माझ्या आईचा उजेड त्याच्या बदलीवर अवलंबून राहता कामा नये.

म्हणून ती उरलेली सहावी डबी मी स्वतः पालटायला घेतली. अडुसष्टाव्या वर्षी, चष्मा नाकावर सरकवीत, केसाएवढ्या तारा धरताना माझे हात थरथरले. दोनदा जोडणी उलटी झाली. एकदा संगणक ‘यंत्र सापडत नाही’ असेच म्हणत बसला, आणि पाहतो तो भूमीची तारच सुटलेली. नातू शेजारी बसून होता, पण मी त्याला हात लावू दिला नाही. आणि त्यानेही, हे त्याचे मोठेपण, तोंडातून एक शब्द काढला नाही. तिसऱ्या खेपेला ‘ओपनबेकन’ डबीत उतरले. वायरमनने ती बसवून वीज सुरू केली, रिलेचा तो ‘टक्’ आवाज झाला, आणि स्वयंपाकघरातला दिवा लागला. आयुष्यात मी लाखो रुपयांच्या तिजोऱ्या उघडल्या; त्यांतल्या एकीनेही मला इतका आनंद दिला नव्हता.

त्या संध्याकाळी मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात सारे लिहून काढले: कोणती डबी कोणत्या दिव्याची, तिच्या पोटात कोणती चिप, कोणती आज्ञावली कोणत्या तारखेस घातली, जुन्याची प्रत कुठे आहे, तिचे पान कसे उघडावे, आणि सारे बिघडले तर डबी बाहेर काढून दिव्याची तार थेट जुन्या कळेला कशी जोडून घ्यावी. परवलीचा शब्द बंद पाकिटात घातला. एक प्रत देवघराच्या खणात पंचांगाखाली ठेवली, दुसरी सौ.च्या कपाटात. खाली तारीख घालून मी सही केली, आणि तिच्याही सहीसाठी कागद पुढे केला. ती हसली, पण तिने सही केली. दोन चाव्या, दोन माणसे. सदतीस वर्षांची सवय.

आई आता पुन्हा एकटी बोळातून जाऊ लागली आहे. संध्याकाळी दिवा आपोआप लागतो, हे तिला ठाऊक आहे. तरीही ती रोज एकदा बोळाशी येते, ती काळी कळ बंद करते, पुन्हा चालू करते, आणि दिवा लागलेला डोळ्यांनी पाहूनच पुढे पाऊल टाकते. देवघरातल्या समईला मात्र कोणतीही डबी नाही आणि ती लावण्याचा विचारही कोणी बोलून दाखविलेला नाही. बोळातला दिवा लागला की ती त्याच उजेडातून भिंतीला हात टेकीत देवघरात येते, वात पुढे सरकवते, आणि आपल्या हाताने समई लावते.